सरकारनं रोवलेली मेढ

माघ उतरणीला लागला की बोईसरच्या रस्त्यांवर मांडवाचे बांबू हिंडायला लागतात. टेम्पोच्या मागून चांगले हातभर बाहेर आलेले, आणि मागच्यानं डोळे फोडून घेऊ नयेत म्हणून टोकाला लाल फडकं बांधलेले. काल असाच एक टेम्पो माझ्या रिक्षापुढे अडकला होता. पुढे नव्या पुलाचं काम, त्याच्यापुढे त्या कामाचीच यंत्रं, आणि सगळ्यांच्या पुढे कोण होतं ते देवाला ठाऊक. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "माताजी, अब तो आराम से बैठो. पूल बनेगा तभी निकलेंगे."

मी त्या लाल फडक्याकडे बघत होते. त्याला म्हटलं, "अरे बाबा, माझ्या लग्नाची मेढ सरकारनं रोवली होती, माहीत आहे का?"

तो आरशातून माझ्याकडे बघून हसला आणि त्यानं गाणी लावली. लोक असंच करतात. खरं सांगितलं की हसतात. म्हणून मी बहुतेक वेळा थोडं वाढवून सांगते, म्हणजे निदान ऐकून तरी घेतात.

तेव्हाचं बोईसर म्हणजे एक स्टेशन, एक फाटक आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना ताटकळलेली माणसं. आमचं घर फाटकाच्या पूर्वेला, अगदी रस्त्याला लागून. पुढे अंगण, मागे गवताच्या गंजी आणि त्यांच्यामागे भाताची खाचरं. फाटक किती वेळ बंद असायचं म्हणता? दुभती म्हैस घेऊन निघालेला माणूस पलीकडे पोचायचा तो भाकड म्हैस घेऊन. कापलेलं कलिंगड इकडून निघालं तर तिकडे नुसत्या बिया पोचायच्या. आणि तिकडे तारापूरच्या समुद्रावर विजेचं भलंमोठं घर बांधायला घेतलेलं. त्याची अवजड यंत्रं या फाटकातून कशी जायची? म्हणून रुळांवरून पूल घालायचं ठरलं. पूल उतरला की रस्त्याची दोन टोकं होणार होती, एक स्टेशनकडे, एक तारापूरकडे, गलोलीच्या बेचक्यासारखी. आणि त्या बेचक्यात नेमकं दगड ठेवायच्या जागी आमचं घर.

त्या माघाचे वास मला अजून वेगवेगळे ओळखता येतात. सकाळी ताडीवाल्याच्या मडक्यातली गोड नीरा. दुपारी खाचरांत उपटून ठेवलेल्या वालाच्या वेलींचा हिरवा, थोडा कडवट वास. तिसऱ्या प्रहरी वारा फिरला की समुद्राकडून सुक्या बोंबलांचा, तो यायचा आणि पाहुण्यासारखा ठाण मांडून बसायचा. कुठेतरी मडक्यात उकडहांडी लावलेली असायची, वालपापडी आणि कोनफळ आतल्या आत घामेजत असायची. आणि या सगळ्यांवर धूळ. मुरमाच्या लॉऱ्या दिवसभर ये-जा करायच्या. आमच्या कोंबड्या आधी खोकायच्या आणि मग अंडी द्यायच्या. काळा बैल गोठ्यातून निघायचा आणि लाल होऊन परत यायचा. बाबा दोन वेळा शेजाऱ्याचाच बैल आपला म्हणून बांधून घेऊन आले.

आमच्या घरात हुकूम चालायचा तो थोरल्या काकीचा. काका होते, धडधाकट होते, पण बोलत नसत. काकीनं त्यांच्यासाठी बोलायला जागाच ठेवली नव्हती. काकीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. सगळं जग तिला दुधात बुडवल्यासारखं दिसायचं, पण ते ती कबूल करायची नाही. म्हणायची, "मला सगलं दिसते. तुमचंच सगलं फिकट झालंय."

पुलाच्या कामावर एक तरुण ओव्हरसियर आला होता, साताऱ्याकडचा. डोक्यावर खाकी टोपी, हातात गुंडाळलेला नकाशा, आणि जेवणाची आबाळ तोंडावर स्पष्ट लिहिलेली. पहिल्याच दिवशी आमच्या ओट्यावर पाणी प्यायला बसला आणि मोठ्या ऐटीत म्हणाला, "काकी, इथं आता उड्डाणपूल व्हणार!"

काकीचा हात सुपातल्या वालावर थांबला. "उडणार?"

"व्हय."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? हितंच."

"आनि वर मानसं असताना उडाला तर? संध्याकाली परत येल का?"

"आवो काकी, पूल न्हाई उडत. रस्ता रुळांवरनं पलीकडं जातो, म्हणून उड्डाण."

"मंग ओलांडणपूल म्हण की मेल्या! उगा मानसांना घाबरवतोस."

काकी समजली, पण गाव समजलं नाही. पूल उडणार ही बातमी तोपर्यंत पार सालवडच्या पुढे गेली होती. काही लोक तर भाकरी बांधून तो उडताना बघायला आले आणि बघायला काहीच नाही म्हणून ओव्हरसियरवर चिडून परत गेले.

मला हसायला येत नव्हतं, कारण या फाटकानं आणि या पुलानं माझी दोन स्थळं खाल्ली होती. पहिलं स्थळ बघायला आलं ते फाटकापलीकडे अडकलं. बसले बिचारे भजीवाल्याच्या बाकावर. भजी खाल्ली, चहा घेतला, पुन्हा भजी खाल्ली. फाटक उघडलं तोवर त्यांनी भजीवाल्याचीच मुलगी पसंत केली होती. दुसरं स्थळ वाणगावकडचं. त्यांच्या कानावर उडणाऱ्या पुलाची बातमी गेली. निरोप आला, मुलगी चांगली आहे, पण घर जाग्यावर राहील याची खात्री काय?

तेव्हा चोविशीतली मुलगी म्हणजे लोकांच्या लेखी शिळी भाकर. मी रोज ओट्यावर वाल सोलायची आणि जाणाऱ्या गाड्यांचे डबे बघत बसायची. डब्यातली माणसंही माझ्याकडे बघायची. त्यांना वाटत असेल, ही स्टेशनचीच कोणी नेमलेली बाई असावी.

आणि मग एडवणचं स्थळ आलं. आमचे हे. नाव उखाण्याशिवाय घेत नाही, तेव्हा 'हे'च समजा. वाडी होती त्यांची, केळीची आणि पानवेलीची, समुद्राच्या इतकी जवळ की भरतीला केळी खारट लागायची. हे एकटेच सायकलवरून आले. फाटक बंद. ह्यांनी क्षणभर फाटकाकडे बघितलं, सायकल उचलून खांद्यावर घेतली, वाकून आडव्या दांड्याखालून निघाले, गाडी गेल्याची खात्री करून रूळ ओलांडले आणि सरळ आमच्या अंगणात सायकल उतरवली. मी ओट्यावरून बघत होते. माझा होकार तिथंच झाला. पुढचे कांदेपोहे निव्वळ रीत म्हणून.

लग्न माघाच्या अखेरीला ठरलं. आमच्याकडे लग्न ठरलं की पहिलं काम मुहूर्तमेढीचं. भटजींनी दिलेल्या वेळेला मांडवाचा पहिला बांबू अंगणात रोवायचा, त्याला हळदकुंकू लावायचं, आंब्याच्या पानांचा टाळा बांधायचा, पिवळ्या फडक्यात हळकुंड-सुपारी बांधायची. एकदा ती मेढ उभी राहिली की लग्न लागेपर्यंत हलवायची नाही. हलली तर लग्न हलतं. भटजींनी गुरुवारची सकाळ दिली होती.

बुधवारी घरातली सगळी खाचरावर वाल उपटायला गेली होती. घरी एकटी काकी. तेवढ्यात ओव्हरसियरची माणसं आली. पुलाच्या भरावाची आखणी चालली होती. एक चांगला सरळ बांबू, टोकाला लाल फडकं, त्यांनी आमच्या अंगणाच्या कडेला ठोकून ठोकून रोवला आणि निघून गेली.

थोड्या वेळानं काकी बाहेर आली. तिच्या दुधाळ जगात तिला एक उंच, बारीक, सरळ आकार दिसला. टोकाला काहीतरी लाल. अंगणात, लग्नाच्या तोंडावर! तिच्या मनात शंकेला जागाच नव्हती. "बघा या बापयांची कामं," ती स्वतःशीच म्हणाली. "मेढ रोवली नि पूजा नाय, कुंकू नाय, तशीच उघडी टाकून गेले वालाला!"

काकीनं शेजारच्या सवाष्णींना हाका घातल्या. आंब्याचा टाळा आला, हळकुंड-सुपारी आली. लग्नाच्या गाण्यांचे धवले म्हटले गेले, तेही सगळे, एकही न गाळता. आम्ही संध्याकाळी वालाचे भारे डोक्यावर घेऊन परतलो तर सरकारचा बांबू हळदीनं पिवळाधमक झाला होता आणि सवाष्णी गूळखोबरं चघळत ओट्यावर बसल्या होत्या.

बाबांनी भारा खाली टाकला. "मेढ कोनी रोवली?"

"तूच की," काकी म्हणाली.

"मी नाय."

"तू नाय तर कोन, सरकारनं रोवली?"

सगळ्यांनी बांबूच्या टोकाच्या लाल फडक्याकडे बघितलं.

भटजींना विचारलं. त्यांनी डोळे मिटून बराच विचार केला आणि सांगितलं, पूजलेली मेढ ती मेढ. मुहूर्ताचं मी बघून घेतो. पण आता दुसरी रोवता येणार नाही आणि ही काढता येणार नाही.

गुरुवारी सकाळी ओव्हरसियर आला आणि आपल्या बांबूसमोर थबकला. हळद, कुंकू, आंब्याची पानं. त्याला वाटलं, गावानं पुलाच्या कामाचा सत्कार केलाय. त्यानं टोपी काढून हात जोडले, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. "काकी," तो म्हणाला, "आजवर लई ठिकाणी कामं केली. लोकांनी आमच्या खुंट्या उपटून चुलीत घातल्या. पर अशी पूजा कुणीच केली न्हाई."

"तुझ्या खुंटीची नाय रे, आमच्या कुसूमच्या मेढीची पूजा ती!"

त्याला सगळं कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यानं टोपी परत डोक्यावर घातली. भराव याच जागेवरून जायचा होता, लॉऱ्या निघाल्या होत्या. पण मेढीचा मान त्यालाही ठाऊक होता. म्हणाला, "मेढ उपटली असं माझ्या आईनं ऐकलं तर मला दारात उभं करायची न्हाई. बघतो काय करता येतं ते. काकी, तुमी निर्धास्त ऱ्हावा, मी मेढीला हात लावत न्हाई."

"वचन?"

"वचन! अन इस्वास नसंल तर या, तुमी सोता बघा. दुर्बिणीतनं तुमाला तिची पानंसुद्धा मोजता येतील, मोतीबिंदू असला तरी."

"मोतीबिंदू कोनाला हाय?" काकी म्हणाली आणि ताडकन उठली.

तीन पायांवर उभी असलेली आखणीची पितळी दुर्बीण रस्त्याच्या पलीकडे लावलेली होती. काकीनं पदर सावरून डोळा लावला. मग तिनं अशी किंकाळी फोडली की फाटकाजवळ उभं असलेलं इंजिन दचकून आपणहून पुढे सरकलं.

"उपटली! उपटली रे मेल्यानं! उपटून उलटी रोवली!"

त्या काळच्या त्या दुर्बिणी जग उलटं दाखवायच्या. आखणीवाल्यांना त्याची सवय असते, त्यांना काही वाटत नाही. पण काकीला दिसलं ते असं की जमीन वर, आभाळ खाली, आणि मेढ आंब्याच्या टाळ्यावर शीर्षासन करून उभी. ओव्हरसियर तिला समजावत होता, "काकी, काचेचा गुण हाय तो, मेढ सरळच हाय!" काकी ऐकेना. आजवर दुधात दिसणारं जग तिला पहिल्यांदाच लख्ख दिसलं होतं, आणि नेमकं उलटं दिसलं होतं. लख्ख दिसलं ते खोटं कसं मानायचं?

दुपारच्या आत ही बातमी मासळीच्या रिकाम्या टोपल्यांबरोबर किनाऱ्याला निघाली. पालघरात पोचली तेव्हा मेढ उलटी होती. केळव्याला पोचेपर्यंत आमचं घर उलटं झालं होतं. एडवणला पोचली तेव्हा नवरी हातांवर चालते असं ऐकू आलं.

संध्याकाळी निरोप आला. सासूबाई सकाळी स्वतः येऊन बघणार होत्या. मेढ उलटी असली तर लग्न मोडलं समजा.

त्या संध्याकाळी मी जेवले नाही. ओट्यावर बसून मेढीकडे बघत राहिले. ती सरळ होती, सुतासारखी. मला वाटलं, केवढ्या मोठ्या गोष्टींची सुरुवात माणसं अशा एका काठीनं करतात. पूल असो की संसार, जमिनीत काठी रोवायची आणि म्हणायचं, इथून. पुढचं सगळं त्या 'इथून'वर विसंबून. आणि माझं 'इथून' कोणाच्या तरी काचेत पालथं पडलं होतं. तिसरं स्थळ गेलं असतं तर चौथं कोण आणणार होतं? आणि खरं सांगू? मला चौथं नकोच होतं. सायकल खांद्यावर घेणारा माणूस काय रोज येतो?

सकाळी सासूबाई आल्या. एडवणला असं म्हणत की त्या रागावल्या की समुद्राला अवेळी ओहोटी लागते. मागे सायकल धरून आमचे हे. ह्यांनी अंगणात शिरताच मेढीकडे न बघता आधी माझ्याकडे बघितलं, ही गोष्ट मी आजही त्यांना अधूनमधून ऐकवते.

सासूबाईंनी मेढीला प्रदक्षिणा घातली. सरळ आहे हे त्यांना दिसत होतं. पण त्या म्हणाल्या, "डोल्यांचा काय भरोसा? ती काच आनलीये सरकारनं, ती काय उगाच? मला काचेतून दाखवा."

ओव्हरसियरनं कपाळाला हात लावला. सासूबाईंनी दुर्बिणीला डोळा लावला. अख्खं गाव भोवती दाटीनं उभं. लॉऱ्यांची इंजिनं बंद. त्या गोल काचेत माझं सगळं आयुष्य पाय वर करून लटकलेलं.

"उलटीच हाय," सासूबाई म्हणाल्या.

बाबा खाली बसले. आईनं पदर तोंडाला लावला. काकीला मात्र राहवेना. रागानं ती तरातरा रस्ता ओलांडून गेली आणि मेढीला धरून उभी राहिली. "या मेढीवर मी हळद वाहिलीये! धवले म्हटलेत! आता मोडायचं तर आदी मला मोडा!"

सासूबाईंचा डोळा अजून काचेलाच होता. एकदम त्या ओरडल्या, "ओ विहीनबाई! तशाच उभ्या रावा! हलू नका!"

काकी गोठल्यासारखी उभी राहिली.

"तुमी पन उलट्या हायत," सासूबाई म्हणाल्या. "डोकं खाली, पाय वर."

"मी?"

"हां. पन तुमचं लुगडं!"

"माझ्या लुगड्याला काय झालं?" काकीनं घाबरून निऱ्या घट्ट धरल्या.

"काय नाय झालं! तेच तर म्हनते! मानूस उलटं झालं तर लुगडं खाली नाय येनार? डोईवरचा पदरसुदीक ढळला नाय! म्हंजे बाई सरळ हाय. बाई सरळ, तर मेढ पन सरळ." सासूबाईंनी डोळा काढला आणि ओव्हरसियरकडे वळल्या. "तुझी काच खोटारडी हाय रे भावा. असल्या काचेनं पूल बांदू नको, आगगाडी वरून जाईल."

जे हसू उसळलं ते फाटकापलीकडे ताटकळलेल्यांपर्यंत गेलं. कशाला हसायचं ते ठाऊक नसताना तेही हसले. मग प्रत्येकाला काचेतून बघायचं होतं. ह्यांची पाळी आली तेव्हा ह्यांनी मेढीकडे बघितलं, आणि मग हळूच दुर्बीण मी उभी होते त्या ओट्याच्या दिशेनं वळवली आणि बराच वेळ तिथेच ठेवली.

ओव्हरसियर खाकरला. "नवरदेव, आमची लाईन तिकडं न्हाई."

"माझी हाय," हे म्हणाले.

लग्न झालं, आणि कसं झालं म्हणता! ओव्हरसियरनं मेढीला हात लावू दिला नाही. लॉऱ्यांना सांगितलं, मेढीच्या अलीकडे टाका, पलीकडे टाका. अंगणाच्या दोन्ही बाजूंना मुरमाचे डोंगर उभे राहिले आणि आमचा मांडव मधल्या दरीत. मजूर डोंगरांवर बसून लग्न बघत होते, नाटकाला गॅलरीत बसावं तसे. तेलुगू, हिंदी, साताऱ्याची, सगळ्या तऱ्हेची माणसं, आणि मंगलाष्टकांना प्रत्येकजण आपापल्या भाषेत सावधान म्हणत होता. वरून इतक्या अक्षता आल्या की दुसऱ्या दिवशी कोंबड्यांना अपचन झालं. जुन्या पुलाच्या चढणीला मधेच एक किंचित बाक आहे. शिकलेली माणसं त्याला काहीतरी शास्त्रीय कारण सांगतात. सांगोत बापडी.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव उतरला. काकीनं स्वतः मेढीवरचं पिवळं फडकं सोडलं, हळकुंड-सुपारी माझ्या ओटीत घातली, बांबू उपटला आणि ओव्हरसियरच्या हातात दिला. "घे तुझा बांबू. आमचं काम झालं. आता तुझं कर."

त्यानं तो बांबू दोन्ही हातांनी घेतला, प्रसाद घ्यावा तसा.

मग माझी पाठवणी. पाठवणीला मुलीनं रडायचं असतं. सगळ्या बाया पदर तयार ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि मला रडू येईना. येणार कसं? एवढ्या सगळ्यातून लग्न पार पडलं होतं! आतून इतकं मोकळं वाटत होतं की मी ओठ दातांखाली दाबून धरला होता, नाहीतर सगळ्यांदेखत खदखदून हसले असते आणि एडवणला बातमी गेली असती, नवरी वेडी आहे. आईच्या गळ्यात पडले, तरी नाही. बाबांच्या पाया पडले, तरी नाही. बाया एकमेकींकडे बघू लागल्या.

तेवढ्यात ओव्हरसियरनं हात वर केला आणि खोळंबलेल्या लॉऱ्यांतल्या पहिलीनं मेढीच्या खड्ड्यावर मुरूम ओतला. लाल धुळीचा असा लोट उठला की क्षणभर गावच दिसेना. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. नाक गळायला लागलं, हुंदका यावा तसा ठसका लागला. धूळ बसली तेव्हा मी लाल चेहऱ्यावर पाण्याचे ओघळ घेऊन उभी होते, आणि सगळ्या बाया पदरात तोंड खुपसून रडत होत्या. "काय मायेची पोर गो! कशी रडते बघा!"

काकीनं माझ्या कानाशी तोंड आणलं. तिला दिसत नव्हतं, पण कळत सगळं होतं.

"रडून घे, रडून घे," ती म्हणाली. "दुसरी लॉरी पन येतेय."